फरार सुळा

बकुळ अंकुश बाबर, वय नऊ, इयत्ता चौथी, ही मुलगी सरकारी मोजणीप्रमाणे बारा दातांनी इथली आणि अकरा दातांनी परदेशी निघाली.

"बारा-अकरा. म्हंजे पास झाली न्हवं साहेब?" अंकुशनं विचारलं आणि तो खुर्चीवरून अर्धा उठलाही. त्याला पेढे आणायचे होते.

दंतनिरीक्षक किरण म्हेत्रे बकुळच्या तोंडात बॅटरी मारून खालच्या डाव्या बाजूची एक रिकामी जागा बघत होता. प्लॉटवर अतिक्रमण झालंय का बघावं, तसा.

"इथला सुळा कुठाय?"

"पअआ," बकुळ तोंड उघडं ठेवून म्हणाली. म्हणजे पडला.

"पडून कुठं गेला?"

अंकुशनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं, म्हणजे पारुलनं, सासूकडं पाहिलं. सासूनं, म्हणजे शेवंताबाईंनी, कुणाकडंच पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "कुठं जाईल? शेणाच्या गोळ्यात घातला आन् कौलावर टाकला. तुमच्यात काय बँकेत ठेवतेत?"

किरणनं बॅटरी बंद केली. "मग तो फरार धरावा लागेल."

"कोण?"

"दात. नियम सहा, पोटनियम तीन. पडलेला दुधाचा दात हजर केला नाही, तर तो मुद्दाम पाडून लपवला असं समजायचं आणि तोंडातच आहे असं मोजायचं. बारा-बारा."

"मग बरोबरी झाली की."

"बरोबरीत संशयाचा फायदा सरकारला."

अंकुश खाली बसला. पेढ्यांचा विषय संपला.

त्याचं असं होतं. दातावरची चकचकीत कवची लहानपणी एकदाच घडते आणि मग जन्मभर तशीच राहते. ती घडत असताना आपण जे पाणी पितो, जे धान्य खातो, त्यातून स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू कणभर तिच्यात जाऊन बसतो. खडकातून मातीत, मातीतून पाण्यात, पाण्यातून आपल्यात, असा त्याचा प्रवास. हा धातू जरा जड आणि जरा हलका अशा प्रकारांत मिळतो आणि त्या प्रकारांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक खडकात निराळं असतं. आपला काळा फत्तर लाव्ह्याचा, खडकांच्या मानानं अजून तरणाबांड. त्याचा आकडा एक. हिमालय झिजवून गंगा-ब्रह्मपुत्रेनं खाली आणलेला गाळ फार जुन्या खडकांचा. त्याचा आकडा दुसरा. पूर्वी शास्त्रज्ञ याचा उपयोग हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे कुठून आले होते ते शोधायला करत. सांगाड्यांची काही तक्रार नव्हती. मग कुणीतरी ते खोलीभर यंत्र पेनाएवढं केलं. लेझरचा ठिपका पडतो, मिठाच्या कणाच्या हजाराव्या भागाएवढी कवची उडते, वीस सेकंदांत आकडा येतो. यंत्राचं नाव दंतलेख.

यंत्र आल्यावर कायदा यायला दीड वर्ष लागलं. घोषणा होती 'कागद खोटे, दात खरे'. टीव्हीवर रोज संध्याकाळी आठ जण आठ चौकटींत बसून एकमेकांवर दात-ओठ खात. एक बाजू म्हणे, कागदाशिवाय आलेल्याला बाहेर काढा, बायकापोरं असली तरी काढा, नाहीतर उद्या प्रत्येक जण आधी लग्न करेल आणि मग सीमा ओलांडेल. दुसरी बाजू म्हणे, आईला पोरापासून तोडणारं सरकार असतं की चिमटा? शेवटी दोन्ही बाजूंना थोडंथोडं खूश करणारी तडजोड निघाली, आणि अशा तडजोडीचं व्हायचं तेच तिचं झालं. मूल इथलं ठरलं तर आई-बाप राहतील. न ठरलं तर आई मुलासकट जाईल. आणि मूल कुठलं, ते तोंडातल्या दातांच्या बहुमतानं ठरेल.

घोळ झाला तो दुधाच्या दातांचा. ते आईच्या पोटातच घडायला लागतात आणि बाळाच्या पहिल्या वर्षात पुरे होतात. म्हणजे दुधाचा दात आई कुठलं पाणी पीत होती ते सांगतो आणि पक्का दात पोर स्वतः कुठलं पाणी पीत होतं ते. त्यामुळं देशात हजारो मुलं अशी होती, की जी वयाच्या सहाव्या वर्षी परदेशी होती, दहाव्या वर्षी तळ्यात-मळ्यात आणि बाराव्या वर्षी कट्टर देशी. सरकारला थांबायला वेळ नव्हता. मोजणी एकदाच, आणि तीच कायमची.

अंकुश गलाईवाला. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा खरसुळ गावाचा पिढीजात धंदा. त्यासाठी खरसुळची माणसं देशभर पांगलेली. अंकुश बंगालात, सीमेजवळच्या दिनहाट्याला दुकानात होता. तिथं त्याला पारुल भेटली. ती तीन वर्षांची असताना आईच्या खांद्यावर बसून पलीकडून आलेली. कागद नव्हता, कारण खांद्यावर बसायला कागद लागत नाही. लेक झाली. दोन्हीकडं चालेल असं नाव शोधलं, बकुळ. लेक दहा महिन्यांची असताना तिघं खरसुळला आली. आता पारुल सासूसारखीच खरसुळी मराठी बोलत असे आणि सासूपेक्षा चांगली भाकरी थापत असे. हे दुसरं शेवंताबाईंना मान्य नव्हतं.

"सुनावणीला एक महिना आहे," किरण म्हणाला. "दात शोधा. मुळाशी आपोआप झिजून पडलाय हे मला दिसायला पाहिजे."

"आन् न्हाई घावला तर?" पारुलनं विचारलं.

किरणनं टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. "मी एमएस्सी जिऑलॉजी आहे, वहिनी. मला तेल शोधायचं होतं."

खरसुळमध्ये आता सगळी घरं स्लॅबची. स्लॅबवर दात टाकण्यात अर्थ नाही, दात कौलावरच टाकायचा असतो. आणि गावात कौलं उरली होती फक्त जुन्या शाळेवर. शाळा बंद पडली, छप्पर राहिलं. मे महिन्यात गलाईवाले सुट्टीला गावी येत, तेव्हा पोराचा एखादा दात पडला की आजी त्याला शाळेकडं घेऊन जाई. म्हणजे पाच दशकांचं गाव त्या एका छपरावर पडून होतं.

अंकुश आणि किरण शिडी लावून वर चढले. कौलं एकेक उचलून, झाडून, गव्हाच्या चाळणीतून माती चाळली. खाली शेवंताबाई हात कपाळावर धरून सूचना देत होत्या.

"डावीकडं जरा! मी डाव्या हातानं टाकला हुता!"

"का?"

"उजव्या हातात पिशवी हुती!"

संध्याकाळपर्यंत तीनशे अकरा दात निघाले. किरणनं ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि एकेकाला पेन टेकवलं. दंतलेख आणखी दोन गोष्टी सांगतो: दाताच्या आतलं प्रथिन उघड्यावर किती सडलंय त्यावरून तो कधी पडला ते, आणि मुळाच्या झिजेवरून तेव्हा पोराचं वय काय होतं ते. दोनशे सत्याऐंशीव्या दाताला पेन वाजलं. सुळा. गाळाचं पाणी. वय नऊ ते दहा. पडून चार महिने.

"हाच!" अंकुश ओरडला. पारुलनं तोंडाला पदर लावला. बकुळ म्हणाली, "केवढुसा हाय!"

पण किरणचा चेहरा उतरला होता. त्या कागदावर गाळाचे दात एक नव्हे, एकोणीस होते.

"आमची लोकं बंगाल-आसामात असतेत की," अंकुश म्हणाला. "त्यांच्या पोरांचं आसतील."

"असतील. पण गाळ अलीकडंही तोच आणि पलीकडंही तोच. यंत्राला सीमा दिसत नाही. संशय आला की पलीकडचं धरायचं, असा नियम आहे. आणि सरकारी इमारतीवर गाळाचा दात सापडला, तर त्याचा मालक सापडेपर्यंत दात हाच इसम समजून गुन्हा नोंदवायचा."

"साहेब, आपण एक दात शोधायला आलतो."

"मला माहितीय."

"तुम्ही हे लिहू नका की."

"पेन आपोआप पाठवतं," किरण म्हणाला. त्यानं पेन झटकलं, बटण दाबलं, झाकण लावलं. पेननं आनंदी आवाज काढून पाठवून दिलं.

आठवड्याभरात सगळ्या गावाची तपासणी झाली. पारुल तर होतीच, तिला सोडून वीस जणांचे दात गाळाचे निघाले. त्यात बकुळ एक. आणि एक खुद्द सरपंच संपत आबा, वय अठ्ठावन्न. त्यांचं बालपण वडिलांच्या दुकानापायी आसामात गेलेलं.

संपत आबा म्हणजे अंकुशच्या वडिलांचे चुलतभाऊ. मागच्या साली कायद्याला पाठिंब्याचा ठराव त्यांनीच मांडला होता. वाईट माणूस नव्हे. तेव्हा ठराव मांडून झाल्यावर अंकुशकडं येऊन चहा पिऊन गेले होते. "अंकुशा, मी पारुलच्या इरोधात न्हाई. पारुल चांगलीच हाय. पर एकीला सोडलं की नियम कशाला म्हणायचा?" असं म्हणून पारुलच्याच हातचा दुसरा कप मागितला होता.

आता आठवड्यात सगळ्या भागातल्या गलाईवाल्यांनी असा दंगा केला, की सरकारनं परिपत्रक काढलं. धंद्यापायी बाहेर जन्मलेल्यांना सवलत, अट एकच. त्यांचा दुधाचा दात गावच्या कौलावर सापडला पाहिजे आणि तोंडातल्या दातांशी जुळला पाहिजे. कौलावरचा दात हा गावाशी असलेल्या नात्याचा पुरावा. वाद झाला, तर दात कुणाचा ते ग्रामसभेनं ठरवायचं आणि ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

बकुळलाही ते लागू होतं. अंकुशनं परिपत्रक तीनदा वाचलं आणि या वेळी पेढे आणलेच.

पेढे खायला संपत आबा आले. ऐन दुपारी, उन्हातून, टोपी हातात घेऊन. पेढा त्यांनी घेतला नाही.

"अंकुशा, दात एकूणीस. माणसं वीस."

"मग?"

"माझे सगळे दात तिकडंच पडले रे. आमच्या बानं कौलावर टाकायला मला कधी गावाकडं आणलंच न्हाई."

अंकुशनं पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

"सुळा मला दे."

"आबा, नऊ वर्षाच्या पोरीचा दात हाय त्यो."

"तिला नवीन येतील! मला आता कुठनं याचे?" आबांचा आवाज फाटला. "मी कुठं जाऊ रे तिकडं? मला बंगाली सुदीक येत न्हाई. आसामीत फकस्त शिव्या येतात."

"आन् माझी बायको? माझी लेक? मी तर संगं जाऊ पण शकत न्हाई. माझ्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दातांत फत्तर हाय!"

"पारुलला तिकडची भाषा तरी येती," आबा अगदी मनापासून म्हणाले. म्हणजे त्यांनी यावर खरोखर विचार केला होता. अंकुशला याचाच जास्त राग आला.

ग्रामसभा भरली. किरण म्हेत्रे नोंद घ्यायला आला होता. त्याच्यापुढं बशीत सुळा ठेवलेला, शेजारी अगरबत्ती. ती कुणी लावली ते कळलं नाही.

"यंत्राच्या अहवालात स्पष्ट आहे," किरण म्हणाला, "की हा दात—"

"मशीनला काय कळतंय?" मागून एक जण ओरडला. त्याचा सवलतीचा दाखला सरपंचांच्या सहीसाठी अडला होता.

"अहो, कालपर्यंत मशीन म्हंजे देव हुता तुमचा!" अंकुश ओरडला. "दात खरे म्हणून फलक लावलाय वेशीवर! डीएनए करा त्या दाताचा!"

"डीएनएची सोय नियमात नाही," किरण हळूच म्हणाला. "नियमात फक्त स्ट्रॉन्शियम आहे."

शेवंताबाई उठल्या. "संपत भावजी, दात मी टाकलाय. ह्या हातानं. तुमची शप्पत, तुमच्या तोंडातनं काय मी तो काढला न्हाई."

"वैनी, वय झालं तुमचं. चार महिन्यापूर्वीचं आन् पन्नास वर्सापूर्वीचं एकात एक होतंय मानसाचं."

"पन्नास वर्सापूर्वी मी सासरी आलीच नव्हती!"

हशा झाला. पण हशा झाला तरी हात वर व्हायचे राहिले नाहीत. एकोणीसपैकी अठरा दातवाल्यांचे दाखले आबांच्या सहीसाठी थांबले होते, आणि अठरा जणांना भाऊबंद होते. अंकुश एकेका हाताकडं बघत राहिला. हा बकुळच्या बारशाचा पाळणा देणारा. ही पारुलला पुरण वाटायला शिकवणारी. त्या बाईनं हात वर केला, पण मान खाली घातली, जणू हात तिचा नव्हता.

दोनशे सहा विरुद्ध चार.

पारुल उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे. "आबा," ती म्हणाली, "दात घ्या. खुशाल घ्या. पर एकदा त्वांडात बसवून दावा. माझ्या लेकीच्या त्वांडात त्याची जागा हाय. तुमच्यात कुठं हाय?"

आबांनी अजाणता जिभेनं स्वतःचे दात चाचपले. मग म्हणाले, "म्हेत्रे, घ्या नोंद."

किरणनं फॉर्म पुढं ओढला. तो इतका वेळ फॉर्मच्या मागची बाजू वाचत होता, जी कुणीच कधी वाचत नाही. त्यानं अदबीनं विचारलं, "खात्री आहे ना आबा? दात तुमचाच?"

"शंभर टक्के."

"इथं सही. इथं पण. इथं अंगठा."

सही झाली, अंगठा झाला. किरणनं पेन दाबलं. पेननं आनंदी आवाज काढून पाठवून दिलं.

"आता असं आहे," तो म्हणाला. "ग्रामसभा म्हणते, दात तुमचा. तो निर्णय अंतिम. यंत्र म्हणतं, दात नऊ ते दहा वर्षांच्या मुलाचा आहे आणि चार महिन्यांपूर्वी पडलाय. कायद्यानं तोही निर्णय अंतिम. दोन्ही अंतिम एकत्र केले, की तुमचं वय नऊ."

"कुणाचं?"

"तुमचं. जन्मतारीख सिस्टीमनं बदललीसुद्धा. अभिनंदन, सवलत मंजूर झालीय. मात्र अज्ञान, म्हणजे अठराच्या आतले, असल्यामुळं सरपंचपद गेलं. अठरा दाखल्यांवर आता तहसीलदार सही करतील. नवव्या वर्षी सभेचं अध्यक्षस्थान भूषवल्याबद्दल वेगळं कलम आहे, ते मी लावत नाही."

सभेत असा गोंधळ उडाला, की अगरबत्ती विझली.

"आणि अज्ञान मुलाला पालक लागतो," किरण गोंधळातच वाचत राहिला. "आई-वडील हयात नाहीत. पत्नी—" त्यानं हौसाकाकूंकडं पाहिलं. "काकू, तुम्ही पुढं येऊ नका. तुमच्यावर बालविवाहाचा गुन्हा होईल." हौसाकाकू चटकन दोन बायकांच्या मागं बसल्या. "रक्ताचा जवळचा पुरुष अंकुश बाबर, पण तो वादातला पक्ष, म्हणून बाद. त्याची आई वादातली साक्षीदार, म्हणून बाद. त्यानंतर यादीत त्या घरातली सज्ञान स्त्री."

त्यानं फॉर्म पारुलपुढं सरकवला.

"अज्ञानाच्या पालकाला तो सज्ञान होईपर्यंत देशाबाहेर काढता येत नाही. पालकाची स्वतःची मुलं पालकासोबत. सही करा, वहिनी."

"साहेब, हे तुम्ही..." अंकुश पुढं आला.

"मी काही केलेलं नाही," किरण म्हणाला. "मी फक्त मागची बाजू वाचली."

पारुलनं सही केली. मराठीत, वेलांटी मोठी काढून.

पेढे पुन्हा आणायचे का, हे अंकुशला ठरवता येईना. बायको राहिली, लेक राहिली. पण नऊ वर्षं तो सांगत होता, की ही माझी बायको, ही तिची लेक, बघा नाक तरी बघा. ते नाक कुठल्याच रकान्यात बसलं नाही. बसलं काय, तर अठ्ठावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याची आई होणं. तो त्या रात्री जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी दोनदा जेवला. राग कुठं ठेवायचा, तेच त्याला कळत नव्हतं. आबांवर काढावा तर ते आता कायद्यानं लहान होते.

पंधरा दिवसांनी आबांना नव्या शाळेतून बोलावणं आलं. चौथीच्या वर्गात ते तीन दिवस मागच्या बाकावर बसले. बकुळनं घरी येऊन सांगितलं, की आबांना भागाकार येतो पण शेजारच्याला दाखवत नाहीत.

मग एका रविवारी ते दारात उभे राहिले. पारुल शेंगा फोडत होती, अंकुश पंखा दुरुस्त करत होता. आबांनी एक चिठ्ठी पुढं केली.

"तेवढी सही दे, पारुल."

"कशाची?"

"जिल्ह्याला मोर्चा हाय. शाळकरी पोरास्नी पालकाची संमती लागती म्हणतेत."

पारुलनं चिठ्ठी वाचली. मोर्चाची मागणी खाली ठळक छापली होती: कुटुंब असो वा नसो, परकीयांना सवलत नको.

पंख्याचं पातं अंकुशच्या हातात तसंच राहिलं. "आबा," तो म्हणाला, "तुम्हाला काय लाज हाय का न्हाई?"

"अरे, तत्त्वाचा प्रश्न हाय," आबा म्हणाले. "पारुलच्या इरोधात मी तवाबी नव्हतो, आताबी न्हाई. पर एकीला सोडलं की..." त्यांना पुढचं आठवलं आणि ते थांबले. मग त्यांनी मान खाली घातली. पण चिठ्ठी धरलेला हात मागं घेतला नाही.

पारुलनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"किती वाजता निघायचं?"

"साताला."

"माघारी कवा?"

"अंधार पडायच्या आत."

"संगं मोठं माणूस कोण हाय?"

"मी हाय की!" आबा म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

अंकुशला हसायला यायला हवं होतं. त्यानं पातं पंख्याला लावलं, स्क्रू आवळला, आवळतच राहिला, आटे गेले तरी आवळत राहिला.

पारुलनं चिठ्ठीची घडी घातली आणि ब्लाऊजमध्ये खोचली. "न्हाई जायचं," ती म्हणाली.

"पारुल, अगं मोर्चा उद्याला हाय!"

"नऊ वर्सांनी काढा, अठरा पुरी झाल्यावर," पारुल म्हणाली. "तवा मी बी येते. मला तवा जावंच लागंल."